‘बोअर इज कमिंग ओव्हरसाइझ’ : उद्यमबागेतल्या एका इन्स्पेक्टरच्या इंग्रजीचं प्रकरण

25 मिलिमीटरचा बोअर (पीसमधलं गोल भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच7. म्हणजे माप 25.000 ते 25.021 यांच्या मध्ये बसलं पाहिजे. चेन्नईला गेलेल्या एका लॉटमधल्या चौदा पीसमध्ये ते 25.033च्या आसपास निघालं. हायड्रॉलिक व्हॉल्वच्या बॉडीत बारा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जास्त म्हणजे आत सरकणाऱ्या दांड्याच्या, स्पूलच्या, कडेनं तेल निसटणार, तेव्हा पीस परत येणार हे ठरलेलंच होतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असं कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये होतच असतं आणि त्याचं उत्तर द्यायची रीतही ठरलेली आहे. एट-डी रिपोर्ट भरायचा. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे आठ रकान्यांत लिहून गिऱ्हाइकाला पाठवायचं.

हा रिपोर्ट शॉपमधल्या क्वालिटी इन्स्पेक्टरनं लिहिला. त्यातली तीन वाक्यं अशी होती :

‘सेकंड शिफ्ट ऑपरेटर इज चेंजिंग इन्सर्ट अँड गिव्हिंग राँग ऑफसेट. फर्स्ट पीस चेकिंग इज रिमेन. सो बोअर इज कमिंग ओव्हरसाइझ.’

बेळगावच्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नाही. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरनं इन्सर्ट (कापणारं पातं) बदलला, ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) चुकीचा टाकला, पहिला पीस तपासायचा राहिला, म्हणून बोअर मोठा आला. झालं गेलं. चेन्नईच्या माणसानं मात्र इंग्रजी वाक्य इंग्रजीसारखं वाचलं. ऑपरेटर अजून चुकीचा ऑफसेट देतोय, पहिला पीस अजून कुणी तपासत नाही आणि बोअर आजही मोठाच येतोय. त्यानं त्याच दिवशी सगळा माल थांबवायला सांगितलं. जो स्टॉक तयार होता त्यातला पीस न् पीस तपासा, त्याची मापं पाठवा, मग बघू. पुढचे आठ दिवस शॉपमधली दोन माणसं बोअर गेज घेऊन बसली. मालक बोअरबद्दल फारसं बोलले नाहीत. इंग्रजीबद्दल बोलले, आणि तेही सगळ्यांसमोर.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी हा मुलगा माझ्या शहापुरातल्या घरी आला. मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे. त्याच्या मामेभावाला मी शिकवलं होतं, तेवढीच ओळख. नाव इथं देत नाही. वय 24, राजहंसगडाच्या पायथ्याकडच्या गावातला, घरची थोडी भातशेती, आयटीआयला टर्नर केलेला. दोन वर्षं मशीनवर काढून मग इन्स्पेक्शनला आलेला. आत आला, खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, “सर, मला ग्रामर पहिल्यापासून शिकवा. मला काहीच येत नाही.”

हे ‘काहीच येत नाही’ मी तीस वर्षं ऐकत आलोय. या वेळी तपासून बघायचं ठरवलं.

पहिली संध्याकाळ

त्याला दहा रिकाम्या जागा दिल्या. ‘येस्टरडे ही डॅश द इन्सर्ट’, कंसात ‘चेंज’. असल्याच. नऊ बरोबर आल्या. ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’सुद्धा बरोबर. कर्मणी-कर्तरी बदलायला दिली, तीही त्यानं शाळेत घोटलेली दिसली. एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीला) मराठी पहिली भाषा, बाकी इंग्रजी आणि कन्नड, अशा वर्गातून आलेला हा मुलगा. त्या परीक्षेपुरतं व्याकरण त्याच्याकडे होतं आणि ते पक्कं होतं.

मग फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, “परवा ते चौदा पीस कसे गेले, ते इंग्रजीत सांग. तीन मिनिटं. मी मध्ये बोलणार नाही.”

रात्री ते रेकॉर्डिंग ऐकून मी क्रियापदं मोजली. एकवीस होती. भूतकाळी रूपात दोन. बाकी सगळी ‘इज चेकिंग’, ‘इज गोइंग’, ‘इज टेलिंग’. ज्याला दोन तासांपूर्वी ‘चेंज्ड’ लिहिता आलं, तोच बोलताना ‘इज चेंजिंग’ म्हणत होता. म्हणजे नियम शिकवायचा प्रश्नच नव्हता. नियम एका खोलीत होता आणि बोलणं दुसऱ्या. मधलं दार बंद.

हे ‘इज’ येतं कुठून, हे कळायला मला आणखी दोन दिवस लागले. तेही बसमध्ये, दोन बायकांचं बोलणं कानावर पडलं तेव्हा. “मग ही काय करती, सरळ उठती आन् जाऊन त्याला सांगती...” गोष्ट गेल्या आठवड्यातली, क्रियापदं सगळी वर्तमानातली. आपण घडलेलं सांगताना असंच सांगतो. समोर घडतंय असं उभं करतो. शॉपमध्ये तर हमखास : “हा काय करूलालाय, इन्सर्ट बदलूलालाय, आन् चेकच करंना.” मराठीत ऐकणाऱ्याला कळतं की हे परवाचं आहे, कारण सुरुवातीला कुणीतरी ‘परवा’ म्हटलेलं असतं आणि आवाजाचा ढंगही तोच असतो. चेन्नईच्या मेलमध्ये ढंग जात नाही.

आणि बेळगावच्या जिभेवर हे चालू काळाचं रूप इतकं बसलेलं आहे की ते आधी ओठांवर येतं. ‘जाऊलालो’, ‘खाऊलालो’, ‘करूलालाय’. आपल्याकडच्या कन्नडमध्ये ‘माडाकत्तीनि’ आहे, त्याच्या शेजारी राहून हे आणखी पक्कं झालं असावं असं मला वाटतं. पुण्याचा मुलगाही इंग्रजी बोलताना ‘आय ॲम हॅविंग’, ‘आय ॲम नोइंग’ म्हणतो, तेव्हा सगळा दोष गावाला द्यायचं कारण नाही. पण आपल्याला दोन भाषा एकाच बाजूला ढकलतात, हे खरं.

याच्या उलटही एक गोष्ट आहे, ती सांगतो. प्रमाण मराठीत ‘मी माप घेतलं’. क्रियापद मापाप्रमाणे चालतं. आपला माणूस ‘मी माप घेतलो’ म्हणतो. क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालतं, कन्नडसारखं. मराठीच्या पेपरात मी या ‘घेतलो’खाली तीस वर्षं लाल रेघ मारली. इंग्रजीतही क्रियापदाचा संबंध करणाऱ्याशीच असतो, कर्माशी नाही. त्या बाबतीत हा मुलगा पुण्याच्या मुलापेक्षा इंग्रजीच्या एक पाऊल जवळच होता, आणि मी मात्र त्याला अशुद्ध म्हणत होतो.

नामं इंग्रजी, क्रियापदं मराठी

माझ्याकडे येण्यापूर्वी त्यानं हातपाय मारले नव्हते असं नाही. गणपत गल्लीच्या बाजूला एक तीस दिवसांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास केला होता. तिथं रोज एकेकानं उभं राहून ‘मायसेल्फ अमुक अमुक’ करून स्वतःची ओळख करून द्यायची. तीस दिवसांत त्याची ओळख वीस वेळा झाली असेल. त्यापुढचं वाक्य कधी आलंच नाही. (‘मायसेल्फ’ हे ओळख करून द्यायला चालत नाही, ‘आय ॲम’ म्हणायचं, एवढंही तिथं कुणी सांगितलं नव्हतं.) शिवाय एक वही होती, रोज दहा नवे शब्द लिहून पाठ करायची. मी ती चाळली. ‘मेटिक्युलस’ होता, ‘ग्रिगेरियस’ होता, ‘बेनेव्होलंट’ होता. स्पेलिंगं बरोबर, अर्थही बरोबर. पण त्यानं आयुष्यात यातला एकही शब्द कुणाला उद्देशून उच्चारला नव्हता, आणि उद्यमबागेत उच्चारायची वेळ येईल असंही दिसत नव्हतं.

आणि ‘तपासल्याशिवाय पुढे पाठवला’ हे त्याला इंग्रजीत सांगता येत नव्हतं. ‘सेंट’ माहीत, ‘विदाउट’ माहीत, ‘चेकिंग’ तर दिवसातून पन्नास वेळा तोंडात. तिन्ही एकत्र कधी आले नव्हते.

त्याचं एक वाक्य मी कागदावर लिहून त्याच्या पुढ्यात ठेवलं. शॉपमध्ये तो जसं बोलतो तसंच : ‘इन्सर्ट बदलला, ऑफसेट मारला, जॉब लावला, फर्स्ट पीस काढला, बोअर चेक करायचा राहिला.’ इंग्रजी शब्दांखाली रेघ मारायला सांगितलं. इन्सर्ट, ऑफसेट, जॉब, फर्स्ट पीस, बोअर. सगळी नामं. उरले ते बदलला, मारला, लावला, काढला, राहिला. एक ‘चेक’ सोडला तर सगळी हालचाल मराठीत, आणि तो ‘चेक’ही ‘करायचा’च्या खांद्यावर बसलेला.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हणजे सर, माझ्याकडे पार्ट सगळे आहेत, असेंब्लीच नाही.”

मला यापेक्षा बरं निदान सुचलं नसतं.

तेव्हा शब्दांची वही बदलली. दहा शब्द रोजचे बंद. शॉपमध्ये तो मराठीत जी क्रियापदं वापरतो ती उतरवायची आणि तिथं त्या वेळी इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायचं. तीन आठवड्यांत चाळीसेक जमली. जॉब लावणे म्हणजे ‘लोड’. काढणे दोन प्रकारचं : मशीनवरून उतरवणे ‘अनलोड’, तयार करणे ‘रन’ किंवा ‘मेक’. ऑफसेट मारणे म्हणजे ‘एंटर’. ‘गिव्ह’ नाही, ‘पुट’ म्हटलं तरी निदान कळतं. बर मारणे, म्हणजे कडेला उरलेली धातूची कोर काढणे, ‘डीबर’. लॉट अडवून ठेवणे ‘होल्ड’. नजरेतून सुटणे ‘मिस’. लक्षात येणे ‘नोटिस’ किंवा ‘फाइंड’. वेगळं काढून ठेवणे ‘सेग्रिगेट’. हा शब्द जड आहे, पण एट-डीमध्ये तोच चालतो.

सगळ्यात जास्त वेळ ‘राहिलं’नं खाल्ला. मराठीतलं हे फार सोयीचं क्रियापद. ‘चेक करायचं राहिलं’ म्हटलं की कुणी राहवलं हा प्रश्नच उरत नाही. त्याला ते इंग्रजीत हवं होतं आणि शब्दकोशात ‘रिमेन’ मिळालं. त्यावरून ‘चेकिंग इज रिमेन’. इंग्रजीत ‘रिमेन’ म्हणजे मागे उरणे, तसंच टिकणे. चेन्नईच्या माणसाला ते तपासणी अजून बाकी आहे असं वाटलं असेल, नाहीतर काहीच वाटलं नसेल. नाव न घेता सांगायची सोय इंग्रजीतही आहे, ती म्हणजे कर्मणी : ‘द फर्स्ट पीस वॉज नॉट चेक्ड.’ कुणी तपासला नाही? वाक्य गप्प. शाळेत हाच प्रकार त्यानं ‘राम ईट्स अ मँगो’वर शंभर वेळा केला होता, आणि तो कशासाठी असतो हे त्याला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. “अस्सं होय!” एवढंच म्हणाला. मग स्वतःच तीन वाक्यं केली.

मायकल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षकांना शिकवत असे. 1953 साली त्यानं इंग्रजीतल्या नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. ‘कीप’, ‘सेंड’, ‘लीव्ह’, ‘हॅपन’ असले बारके, घरगुती शब्द त्यात आहेत. बंगालमधल्या मुलांना शिकवताना जे त्याला जाणवलं ते आपल्या क्लासवाल्यांना सत्तर वर्षांनंतरही जाणवलेलं नाही. ‘बेनेव्होलंट’ विकायला सोपा पडतो.

आठ रकाने

व्याकरण कुठून सुरू करायचं हा प्रश्न उरला होता. मी माझ्या जुन्या सवयीनं बारा काळांचा तक्ता काढायला निघालो होतो. त्याच्या पिशवीत एट-डीचा कोरा फॉर्म होता. तो बघितला आणि तक्ता परत ठेवला.

ही पद्धत फोर्ड कंपनीनं 1987 साली लिहून काढली, तिथून ती साऱ्या वाहन उद्योगात आणि मग त्यांना माल पुरवणाऱ्या बारक्या शॉपपर्यंत पोचली. रकाने रचणाऱ्यांच्या मनात व्याकरण असण्याचं कारण नाही. पण प्रत्येक रकान्याला आपला आपला काळ लागतो. दुसऱ्यात तक्रार काय ते लिहायचं : जे झालं ते, भूतकाळ. ‘फोर्टीन पीसेस वेअर ओव्हरसाइझ.’ तिसऱ्यात तातडीनं काय केलंय : इथं ‘हॅव’ लागतं, कारण केलेलं काम आत्तापर्यंत लागू आहे. ‘वुई हॅव सेग्रिगेटेड द स्टॉक.’ चौथ्यात कारण, पुन्हा भूतकाळ. पाचव्यात काय करणार, ‘विल’. सहाव्यात ते करून झालं, पुन्हा ‘हॅव’. सातव्यात इथून पुढची रीत, आणि तिथं साधा वर्तमान : ‘द सेटर चेक्स द फर्स्ट पीस आफ्टर एव्हरी इन्सर्ट चेंज.’ (सेटर म्हणजे मशीन लावून देणारा.)

म्हणजे आठ रकान्यांच्या एका कागदावर त्याला लागणारे चार काळ होते, आणि ते कुठं का बदलतात याचं कारणही तिथंच छापलेलं. चालू वर्तमान, ज्यानं सगळा घोटाळा केला, तो या कागदावर कुठंही लागत नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. जुना रिपोर्ट आणि लाल पेन दिलं. त्यानं अकरा ठिकाणी ‘इज’ आणि ‘-इंग’ खोडले. पाचव्या खोडीनंतर हसायला लागला.

आपल्याच राज्यातला एक दाखला इथं आठवतो. 1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या काही शाळांत एक प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे क्रमानं न शिकवता मुलांना नकाशे, वेळापत्रकं असली कामं इंग्रजीतून सोडवायला द्यायची. लक्ष अर्थावर राहिलं की रचना मागाहून येते, असा विचार. मी नोकरीत असताना प्रशिक्षणात हे ऐकलं होतं आणि पाठ्यक्रम पुरा करायच्या घाईत बाजूला ठेवलं होतं. पटलंही नव्हतं पुरतं. या मुलाच्या बाबतीतही मला नुसत्या कामावर विसंबवलं नाही. काम त्याचंच ठेवलं, पण प्रत्येक रकान्यात कुठला काळ आणि का, हे बोलून दाखवायला लावलं.

चार, तीन, दोन

लिहिणं सुधारलं ते महिन्याभरात. बोलणं नाही. लिहिताना थांबता येतं.

त्यासाठी एक जुना, साधा उपाय धरला. भाषाशिक्षणाचेच एक अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे तो शिक्षकांत माहीत झाला. एकच गोष्ट तीन वेळा सांगायची, दर वेळी नव्या ऐकणाऱ्याला. आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. गोष्ट तीच असल्यामुळे काय सांगायचं याचा भार उतरतो आणि जीभ मोकळी होते. ऐकणारे तीन कुठून आणायचे? एक मी, एक माझी नात, कॉलेजला असलेली. तिसरा फोन. आठवड्यातून दोन संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर तो तिसऱ्या रेल्वे गेटाकडून सायकलीवर यायचा, हाताला कूलंटचा वास असायचा, आणि त्या दिवशी शॉपमध्ये काय झालं ते सांगायचा. घडलेलंच. कल्पनेतलं काही नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या रेकॉर्डिंगमधलं एक मिनिट त्यानं स्वतः उतरवून काढायचं आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची.

आर्टिकलला हात लावायचा नाही हे मी ठरवून टाकलं होतं. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत, आणि ते वगळल्यानं आजवर कुणाचा माल अडलेला मी ऐकलेला नाही. एका वेळी एकच चूक. बाकीच्या चुकांना चुलीवर बसू द्यायचं.

इथपर्यंत बरं चाललं होतं. मग मी घाण केली.

दीड महिन्यानं म्हटलं, आता खरंखुरं करून बघू. मी चेन्नईचा ऑडिटर, म्हणजे शॉपचं काम तपासायला येणारा गिऱ्हाइकाचा माणूस, झालो. टेबलाच्या पलीकडे बसलो, प्रश्न विचारू लागलो आणि त्याच्या दर वाक्याला शिक्षक जागा झाला. “सेंड नाही, सेंट.” “डिड नॉट वेंट होत नाही रे, डिड नॉट गो.” “पुन्हा म्हण.” वीस मिनिटांत त्याची वाक्यं आखडत आखडत एकेका शब्दावर आली. शेवटी ‘येस’ आणि ‘नो’. निघताना म्हणाला, “सर, मी बोलूलालो की तुम्ही थांबवता. मग मला फुडचं आठवंना होतंय.” त्यानंतर दहा दिवस आला नाही. फोन केला तर ‘ओव्हरटाइम आहे’.

ओव्हरटाइम नव्हता, हे मलाही माहीत होतं. मालकांनी सगळ्यांसमोर केलं तेच मी माझ्या घरी केलं होतं, चहा पाजून.

शेवटी मीच त्याच्या गावाकडे गेलो. अंगणात भात वाळत घातलं होतं. इंग्रजीचा विषय काढला नाही. एका गोष्टीचं मात्र मला कुतूहल होतं, ते विचारलं : कन्नड कुठं शिकलास? शाळेतलं कन्नड लिहिण्यापुरतं होतं म्हणाला. शॉपमध्ये लागला तेव्हा सेटर गोकाककडचा, मराठी जेमतेम समजणारा. “सहा महिन्यांत बोलाय लागलो. चुकत होतो, ते हसायचे, पण काम थांबायचं नाही.” काम थांबायचं नाही, हे त्यानं दोनदा म्हटलं. त्याच्या गावात 1956पासून भाषेच्या नावानं किती काय झालं, त्याच्या आजोबांच्या पिढीनं मोर्चे काढले. आणि नातवानं कन्नड उचललं ते एका लेथभोवती, कुणी न शिकवता. बिहारी ऑपरेटरांशी हिंदी तसंच. इंग्रजीच्या वाट्याला मात्र लाल पेन आलं.

त्या दिवसापासून नियम असा : तो बोलत असताना मी गप्प. चुका कागदावर टिपायच्या, संपल्यावर त्यातल्या दोनच सांगायच्या.

चेक आणि चेक्ट

मधल्या काळात एक कोडं सुटलं, ते तपशिलानं सांगण्यासारखं आहे. रेकॉर्डिंगमध्ये मला ‘आय चेक द बोअर येस्टरडे’ ऐकू यायचं. भूतकाळ पुन्हा सुटला म्हणून मी टिपून ठेवायचो. पण तेच मिनिट तो उतरवून आणायचा त्यात ‘चेक्ड’ असायचं, ‘-ईडी’सकट. आधी वाटलं, लिहिताना दुरुस्त करतो. मग लक्षात आलं की त्याच्या डोक्यात ‘चेक्ड’च होतं. जीभ तिथवर पोचत नव्हती.

‘चेक्ड’चा उच्चार ‘चेक्ट’. शेवटी ‘क्ट’, आणि त्याला लगेच ‘द’ लागला की ‘ट’ गिळला जातो. इंग्रजही तो बराचसा गिळतात. त्यांचं आपसांत चालतं, आपल्यावर मात्र संशय येतो. दुसऱ्या टोकाला आपल्याकडचे काही जण ‘चेकेड’, ‘वॉकेड’ म्हणतात. ते ‘इड’ फक्त ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या क्रियापदांना : ‘रिजेक्टेड’, ‘लोडेड’. ‘क’, ‘प’, ‘स’ अशा अघोष आवाजांनंतर ‘ट’, म्हणून ‘चेक्ट’, ‘मिस्ट’. बाकी ‘ड’ : ‘चेंज्ड’, ‘एंटर्ड’.

नियम सांगून जीभ वळत नाही. युक्ती केली ती अशी की पुढचा शब्द स्वरानं सुरू करायचा. ‘चेक्ड इट’ म्हणजे ‘चेक-टिट’. ‘चेंज्ड इट’ म्हणजे ‘चेंज-डिट’. ‘मिस्ड इट’, ‘मिस-टिट’. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला टेकलं की आपसूक ऐकू येतं. आठवडाभर तो मशीनशेजारी ‘चेक-टिट, होल-डिट’ पुटपुटत होता. ‘होल-डिट’ म्हणजे ‘होल्ड इट’, ते भूतकाळच नाही. पण सवयीला ते कळत नाही, चाललं. सेटर म्हणे, याला काय झालंय.

‘सिन्स’चं मात्र मी काही समजावलं नाही. ‘तीन वर्षांपासून काम करतोय’ हे मराठीत वर्तमान, कन्नडमध्ये ‘मूर वर्षदिंद केलसा माडाकत्तीनि’ हेही वर्तमान. दोन्हीकडून ‘आय ॲम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’च बाहेर पडतं. इंग्रजीत ‘आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर थ्री इयर्स’. मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. ऑडिटमध्ये हा प्रश्न येणारच, तेव्हा ते एक वाक्य फोन नंबरासारखं पाठ करायला लावलं. व्याकरणशुद्ध शिक्षकांना हे आवडणार नाही. मलाही फारसं आवडलं नाही.

ऑडिट

चेन्नईची दोन माणसं आली ती साडेचार महिन्यांनी. मी अर्थातच तिथं नव्हतो. संध्याकाळी त्यानं जे सांगितलं ते लिहितोय.

पहिलाच प्रश्न अंगावर आला. ‘वॉक मी थ्रू युवर फर्स्ट पीस इन्स्पेक्शन.’ याला ‘वॉक’ तेवढं कळलं. त्यामुळे तो चालू लागला, सरळ मशीनकडे. ते दोघंही मागोमाग. मशीनपाशी पोचल्यावर त्यानं ट्रेमधला पीस उचलला, बोअर गेज घेतलं आणि काय करतो ते सांगत गेला. ‘आफ्टर एव्हरी इन्सर्ट चेंज, सेटर चेक्स फर्स्ट पीस. ही राइट्स रीडिंग हियर.’ वाक्प्रचाराचा खरा अर्थ, म्हणजे ‘टप्प्याटप्प्यानं समजावून सांगा’, मी रात्री सांगितला तेव्हा त्याला घाम फुटला. पण काम झालं होतं.

मागच्या तक्रारीबद्दल विचारलं तेव्हा ‘द ऑपरेटर एंटर्ड राँग ऑफसेट. फर्स्ट पीस वॉज नॉट चेक्ड. वुई फाउंड इट ओन्ली आफ्टर युवर मेल.’ तिसरं वाक्य आम्ही कधी घोटलेलं नव्हतं. ते ऐकून मालकांनी मान वर केली म्हणे. दोनदा अडखळला, तेव्हा ठेवणीतलं वाक्य काढलं : ‘कुड यू से दॅट अगेन?’ एकदा ‘लेट मी चेक अँड टेल यू’. एकदा ‘बोअर इज कमिंग’ निघालंच तोंडून, आणि त्यानं स्वतःच थांबून ‘केम, केम’ म्हटलं.

आर्टिकल जवळजवळ सगळे गायब होते. कुणी विचारलं नाही.

जमलं नाही ते फोनचं. चेन्नईहून फोन आला की अजूनही तो पहिल्या मिनिटात जुन्या ‘इज’वर घसरतो, त्याची अलीकडची दोन रेकॉर्डिंग मी ऐकली आहेत. मशीनपाशी जे येतं ते फोनवर का येत नाही, याचा विचार आम्ही दोघांनी बराच केला. फोनवर बोट दाखवायला काही नसतं, एवढंच सापडलं. म्हणून मग त्यानंच एक सोय करून घेतली आहे. त्या चौदांपैकी एक पीस, लाल रंग मारलेला, त्याच्या टेबलाच्या खणात असतो. चेन्नईचा नंबर दिसला की आधी तो काढून डाव्या हातात धरतो, आणि मग फोन उचलतो.